भिंतीवर रंगाचा हात



घराला रंग देणें हा आपल्याकडे बहुधा सणाचा, नाहीं तर कार्याचा विषय असतो. गणपति दारीं येऊन ठेपले, दिवाळी चार दिवसांवर आली, किंवा घरांत लग्न निघालें, कीं भिंतींकडे आपलें लक्ष जातें. एरव्हीं वर्षभर आपण त्यांना टेकून बसतों, त्यांत खिळे ठोकतों, त्यांवर दिनदर्शिका टांगतों. परंतु त्यांच्याकडे पाहत नाहीं. मग एकाएकीं धांदल उडते. रंगारी वेळेवर मिळत नाहीं. मिळाला तर आठ दिवसांचें काम तीन दिवसांत उरकून देतो. आणि पुढचा पावसाळा सरतो न सरतो तोंच त्या नव्या रंगाचे पोपडे निघूं लागतात. मग रंगाला दोष दिला जातो, रंगाऱ्याला दोष दिला जातो. भिंतीला मात्र कोणी कांहीं विचारीत नाहीं.

आजच्या भाषणांत मी एका खोलीपुरतेंच बोलणार आहें. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी एक साधी खोली आपण डोळ्यांपुढें आणूं. तिच्या चारही भिंतींचें क्षेत्रफळ ४४० चौरस फूट भरतें. सात फूट उंच व तीन फूट रुंद असें एक दार आणि चार-चार फुटांच्या दोन खिडक्या वजा केल्या म्हणजे ३८७ चौरस फूट उरतात. छताचे १२० वेगळे. एवढें काम घरांतलीं दोन माणसें सुटीच्या तीन-चार दिवसांत आपल्या हातांनीं करूं शकतात. इमारतीची बाहेरची बाजू, उंच जिना, गच्चीचा कठडा हीं कामें ज्याचा तो धंदा आहे त्यालाच द्यावीं. टेबलावर स्टूल आणि स्टुलावर गृहस्थ असा मनोरा रचून पैसे वांचविण्यांत शहाणपण नाहीं.

पहिला प्रश्न काळाचा. मुंबईंत, ठाण्यांत किंवा कोंकणपट्टींत भाद्रपदांत भिंतीला तळहात लावून पाहावा. ती गार व दमट लागते. मृग लागल्यापासून तिनें जें पाणी शोषलें तें अजून तिच्या पोटांत असतें. अशा भिंतीवर प्लॅस्टिकचा रंग किंवा तेलरंग चढविणें म्हणजे ओल्या अंगाला मेणकापड गुंडाळण्यासारखें आहे. आश्विन-कार्तिकांत ऊन तापूं लागलें म्हणजे आंतलें पाणी बाहेर पडूं पाहतें, त्याला वाट सांपडत नाहीं, आणि तें रंगाची कातडी फुगवून वर उचलतें. हेच ते पोपडे. ज्यांना असले रंग द्यावयाचे असतील त्यांनीं माघापासून वैशाखापर्यंतचा कोरडा काळ निवडावा. देशावर पाऊस बेताचा असल्यामुळें तेथें ही अडचण थोडी कमी जाणवते, इतकेंच. मग गणपतीच्या आधीं खोली उजळावयाची असेल तर काय करावें? त्याला उत्तर आहे, आणि तें आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होतें. तें उत्तर म्हणजे चुना.

चुन्याचा हात हा रंगाचा थर नव्हे; तो दगडाचा थर आहे. ही केवळ बोलण्याची रीत नाहीं. चुनखडीचा दगड भट्टींत सुमारें ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविला म्हणजे त्यांतला कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडींतून ४४ किलो वायु उडून जातो आणि ५६ किलो कळीचा चुना हातीं राहतो. हा चुना पाण्यांत टाकला कीं तो पाणी ओढून घेतो, भांडें सळसळून तापतें, आणि विरलेला चुना तयार होतो. तो पातळ करून भिंतीवर फिरविला म्हणजे हवेंतला कार्बन डायऑक्साइड तो हळूहळू परत घेतो आणि पुन्हां चुनखडी बनतो. भट्टींत जें गेलें तें हवेंतून परत आलें. ज्या दगडापासून निघालों त्याच दगडापाशीं आपण परत येतों. फरक इतकाच कीं आतां तो दगड कागदाएवढा पातळ होऊन आपल्या भिंतीला चिकटलेला असतो. कोंकणांत व गोमंतकांत चुनखडीऐवजीं समुद्रावरचे शिंपले भाजून चुना करीत. द्रव्य तेंच, आणि परिणामही तोच.

या क्रियेला ओल लागते, हें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. अगदीं कोरड्या, तापलेल्या भिंतीवर चुना लावला तर तिनें पाणी झटकन् शोषल्यामुळें तो दगड बनण्यापूर्वींच पीठ होऊन बसतो आणि पाठ टेकली कीं सदऱ्यावर उमटतो. म्हणून चुना देण्यापूर्वीं भिंतीवर पाणी शिंपडून ती ओलसर करून घेतात. चुन्याच्या थराला बारीक छिद्रें असतात. भिंतींतली ओल त्यांतून श्वासासारखी बाहेर जाते. पावसाळ्याच्या अखेरीस जो गुण प्लॅस्टिकच्या रंगांत नसतो तो चुन्यांत असतो तो असा. शिवाय ताजा चुना इतका तीव्र क्षारधर्मी असतो कीं बुरशीला त्यावर थारा मिळत नाहीं. जेथें भिंत दरवर्षीं काळी पडते तेथें जुने लोक चुन्यांत थोडा मोरचूद विरघळवून घालीत. १८८५ च्या सुमारास फ्रान्समधील बोर्दो प्रांतांत द्राक्षांच्या वेलींवरील रोगाला जें औषध सांपडलें आणि जें नाशिककडील बागाईतदारांना पूर्ण परिचित आहे, तें मोरचूद व चुना यांचेंच मिश्रण होय. मात्र मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकघरांत आणि रांगत्या मुलांच्या खोलींत त्याचें नांव काढूं नये.

आतां कृति. बाजारांत हल्लीं विरलेल्या चुन्याची भुकटी पिशवींत मिळते. नवशिक्यानें तीच घ्यावी, कारण तिच्यांत उष्णतेचें भय उरलेलें नसतें. कळीचाच चुना आणला असेल तर तो लोखंडी पिंपांत किंवा मोठ्या घमेल्यांत विरवावा. प्लॅस्टिकची बादली उष्णतेनें वांकते, आणि ॲल्युमिनियमचें, म्हणजे ज्याला आपण जर्मनचें म्हणतों तें, भांडें चुना खाऊन टाकतो. आधीं भांड्यांत भरपूर पाणी घ्यावें आणि त्यांत चुन्याचे खडे थोडे थोडे सोडावे. चुन्याच्या ढिगावर वरून थोडें पाणी ओतूं नये; त्यानें वाफ कोंडून उकळता चुना तोंडावर उडतो. एक किलो चुन्याला सुमारें पांच लिटर पाणी लागतें. मिश्रण एक दिवसभर तसेंच राहूं द्यावें, जाड्या कापडांतून गाळावें, त्यांत थोडा डिंक गरम पाण्यांत विरघळवून घालावा आणि पिवळेपणा मारण्यापुरती चिमूटभर नीळ टाकावी. दाटपणा दुधासारखा हवा.

येथें थोडें थांबून एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण तिच्यापुढें भिंतीची शोभा कांहींच नव्हे. चुना डोळ्यांत गेला तर तो डोळा जाळीत आंत शिरतो. आम्लापेक्षां क्षाराची जखम अधिक खोल जाते. भिंत रंगवितांना डोळ्यांना बंदिस्त चष्मा लावावा, छताचें काम असेल तर तो लावल्याशिवाय कुंचा हातीं धरूं नये. पण धोका रंगकामापुरताच नाहीं. तंबाखूबरोबर मळण्याच्या चुन्याची जी एवढीशी पुडी असते ती लहान मूल खेळायला घेतें, दाबतें, ती फुटते आणि चुना थेट बुबुळावर उडतो. आपल्या देशांतील नेत्रवैद्यांनीं अशा मुलांच्या हकीकती पुन्हां पुन्हां नोंदविल्या आहेत, आणि त्यांत कायमची दृष्टि गमावलेलीं मुलें आहेत. असें घडलें तर वैद्याकडे धांवण्यापूर्वीं तेथल्या तेथें, त्याच क्षणीं, डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याच्या धारेखालीं धुवावा. पांच-दहा मिनिटांनीं थांबूं नये, चांगला अर्धा तास धुवावा. चुन्याचे कण पापणीखालीं अडकलेले दिसले तर ते ओल्या कापडाच्या टोकानें काढावे, आणि मग रुग्णालयांत न्यावें. लिंबू, तूप, मध, आईचें दूध, यांपैकीं कांहींही डोळ्यांत घालूं नये. वेळेवर मिळालेलें नळाचें पाणी हेंच या अपघातांतलें पहिलें आणि सर्वांत मोठें औषध आहे.

चुन्याचा हात देण्याची रीत सोपी आहे, पण ती पाळावी लागते. कुंचा वरून खालीं न्यावा, लगेच त्यावरूनच खालून वर आणावा, आणि तो थर वाळण्याच्या आंत डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे फिरवावा. नवशिका हमखास फसतो तो असा: ओला चुना पारदर्शक दिसतो, खालचे डाग जसेच्या तसे दिसत राहतात, आणि काम साधत नाहीं असें वाटून तो मिश्रण दाट करतो. दाट चुना वाळतांना तडकतो आणि खवले होऊन गळतो. धीर धरावा. तोच पातळ हात दुसऱ्या दिवशीं पांढराशुभ्र होतो. नव्या गिलाव्याला तीन हात आणि जुन्या चुन्यावर एक-दोन हात पुरतात.

या चुन्यांत रंग मिसळण्याची हौस पुष्कळांना असते, आणि ती रास्त आहे. परंतु चुना हा मोठा चिकित्सक गृहस्थ आहे, तो कोणताही रंग आपल्या घरांत ठेवून घेत नाहीं. हळदीचें उदाहरण घ्या. हळदीनें पिवळी भिंत करूं पाहणाराला तांबडी भिंत मिळेल, कारण हळदीला चुना लागला कीं ती लाल होते. आपलें कुंकू त्याच गुणावर बनत आलें आहे. आणि तो तांबडाही उन्हांत टिकणारा नव्हे. प्रशियन निळ्या रंगाचें चुना पृथक्करण करून टाकतो व निळ्याच्या जागीं गंजासारखी तपकिरी छटा राहते. टिकतात ते मातीचे रंग: गेरू, पिवळी माती, आणि लोखंडाच्या इतर गंजजातीचे रंग. यांत जें कांहीं बदलावयाचें होतें तें जमिनीच्या पोटांत लक्षावधि वर्षांत बदलून झालेलें असतें, म्हणून चुना त्यांचें कांहीं वांकडें करूं शकत नाहीं. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांत तांबडा व पिवळा हे रंग याच मातींचे आहेत. तेथला निळा मात्र लाजवर्दाचा, म्हणजे अफगाणिस्तानांतून येणाऱ्या मोलाच्या दगडाचा. १८२८ सालीं फ्रान्समध्यें गिमे नांवाच्या रसायनज्ञानें तोच निळा कृत्रिम रीतीनें करून दाखविल्याबद्दल पारितोषिक मिळविलें, आणि राजेरजवाड्यांच्या चित्रकारांना परवडणारी ती वस्तु कांहीं वर्षांत धुण्याच्या निळीची पुडी होऊन परटाच्या घाटावर आली. पुडींतली ती नीळ चुन्यांत चांगली टिकते. बाटलींत मिळणारी पातळ नीळ वेगळ्या जातीची आहे. ती भिंतीसाठीं घेऊं नये.

रंगीत चुना ओला असतांना जेवढा गडद दिसतो त्याच्या कितीतरी फिका तो वाळल्यावर होतो. म्हणून आधीं जाड पुठ्ठ्यावर हात देऊन तो पुरा वाळवून पाहावा. आणि सबंध खोलीला लागणारें मिश्रण एकाच वेळीं करावें. दुसऱ्या दिवशीं केलेल्या मिश्रणाची छटा पहिल्याशीं जुळली असें मी तरी पाहिलेलें नाहीं.

चुन्याची एवढी तरफदारी केल्यावर त्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तो पुसून स्वच्छ करतां येत नाहीं. स्वयंपाकघरांत फोडणीच्या तेलाचे शिंतोडे त्यावर कायमचे बसतात. मुलांच्या रंगीत खडूंनाही तो शरण जातो. आणि ज्या भिंतीवर आधींच तेलरंग किंवा प्लॅस्टिकचा रंग आहे तिच्यावर तो मुळींच बसत नाहीं, कारण त्याला शिरायला छिद्रच सांपडत नाहीं. हल्लींच्या बहुतेक सदनिकांत पहिल्या दिवसापासून सिमेंटच्या गिलाव्यावर पांढरी लांबी व तिच्यावर प्लॅस्टिकचा रंग असतो. तेथें चुन्याचा मार्ग बंदच झालेला असतो.

डिस्टेंपर ही या दोहोंच्या मधली वस्तु. जुना कोरडा डिस्टेंपर म्हणजे खडूची भुकटी आणि सरस; त्याला पाण्याचा हात लागला कीं तो सुटतो. पुढें त्यांत तेल मिसळून तो थोडा धुण्याजोगा केला. प्लॅस्टिकचा रंग म्हणजे पाण्यांत तरंगणारे राळेचे अत्यंत सूक्ष्म कण. पाणी उडून गेलें कीं ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतो. हे दोन्ही रंग भिंतीला केवळ वरून धरून राहतात. तेव्हां ज्याला धरावयाचें तें घट्ट आहे कीं नाहीं हें पाहणें हेंच खरें काम. जुन्या भिंतीवर तळहात चोळावा. हाताला पांढरी भुकटी लागली तर त्या भुकटीवर दिलेला महागांतला महाग रंगही भुकटीसकट गळणार. तेथें पत्र्याच्या पट्टीनें खरवडून, कांचकागदानें घासून, ओल्या फडक्यानें पुसून, मग अस्तराचा हात द्यावा. रंगकामाच्या चार दिवसांपैकीं दोन या खरवडण्यांत गेले तर ते फुकट गेले असें समजूं नये. किती रंग लागेल तें डब्यावर छापलेलें असतें; आपले ३८७ चौरस फूट त्याच्याशीं ताडून पाहावे आणि दुकानदाराच्या अंदाजावर विसंबूं नये.

ओल येत असेल तर तिचा उगम शोधल्याशिवाय कुंचला उचलूंच नये. त्यासाठीं एक साधी परीक्षा आहे. हातभर लांब-रुंद असा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन चारही कडांनीं चिकटपट्टीनें भिंतीवर घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. पाण्याचे थेंब तुकड्याच्या आंतल्या, म्हणजे भिंतीकडच्या, बाजूस जमले तर पाणी भिंतींतून येतें आहे. बाहेरच्या बाजूस जमले तर तें खोलींतल्या हवेचें आहे; तेथें खिडकी उघडी ठेवणें व कपाट भिंतीपासून चार बोटें पुढें ओढणें हाच उपाय. पाणी भिंतींतून येत असेल तर शेजारची मोरी, वरच्या मजल्याची नळी, बाहेरच्या गिलाव्याची भेग यांकडे पाहावें. ओल जमिनीलगत असून कमरेच्या उंचीवर थांबत असेल तर ती बहुधा पायांतून चढणारी असते. अशा भिंतीवर जी पांढरी, खारट, लोंकरीसारखी पूड उमटते ती म्हणजे लोणा. ती कोरड्या कुंचलीनें झाडून काढावी. ती धुतली तर मीठ पुन्हां भिंतींत जातें आणि पुढच्या महिन्यांत परत दर्शन देतें. ओलीवर शोभेचा कागद डकविण्याचा एक सोपा मार्ग लोक काढतात. कागदामागें बुरशीची बाग फुलते, इतकेंच त्याविषयीं सांगून पुढें जातों.

भिंतींहून अधिक जपून हाताळण्याची वस्तु म्हणजे जुनीं दारें, खिडक्या आणि गज. पूर्वींच्या तेलरंगांत शिसें घालीत. पांढरा सफेता हा शिशाचाच, आणि लोखंडाला गंज लागूं नये म्हणून देत तो शेंदरी हातही शिशाचाच. मारुतीला चढवीत आले तो शेंदूर आणि हा रंग एकाच द्रव्याचे. भारत सरकारनें २०१६ सालीं नियम करून घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून अधिक नसावें असें ठरविलें, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो नियम अंमलांत आला. अर्थात् त्यापूर्वींचे जे थर आपल्या चौकटींवर बसले आहेत त्यांना हा नियम लागू झालेला नाहीं. ते जोंवर अखंड आहेत तोंवर फारसें भय नसतें. भय उत्पन्न होतें तें आपण हौसेनें कांचकागद घेऊन ते कोरडे घासूं लागतों तेव्हां. ती धूळ पीठासारखी सर्वत्र पसरते, फरशीवर बसते, आणि रांगणारें मूल आपला तळहात फरशीवर टेकून तो तोंडांत घालतें. शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो, तो पुढें भरून निघत नाहीं, आणि अमुक इतकें शिसें मुलाच्या रक्तांत असलें तरी चालेल अशी सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेलाही सांगतां आलेली नाहीं.

म्हणून जुनें दार कधींही कोरडें घासूं नये. पाण्यांत चालणारा कांचकागद घेऊन पृष्ठभाग ओला ठेवूनच घासावें. खालीं प्लॅस्टिकचा कागद अंथरावा आणि काम संपल्यावर तो घडी घालून बाहेर न्यावा. केरसुणी मारूं नये, ओल्या फडक्यानें दोनदां पुसावें. ज्वाळेनें रंग जाळून काढण्याची पद्धत तर पूर्ण वर्ज्य समजावी, कारण तिच्यांत शिशाची वाफच श्वासावाटे आंत जाते. लहान मुलें आणि गरोदर स्त्रिया यांनीं तेवढे दिवस त्या खोलींतच नव्हे, तर शक्य तर त्या घरांतही राहूं नये. पहिलटकरीण माहेरीं यावयाची म्हणून घाईघाईनें खिडक्या घासून रंगविणारीं घरें थोडीं नाहींत. त्या घरांनीं हें वाक्य पुन्हां एकदां वाचावें. दार सुस्थितींत असेल तर जुना थर न काढतां, साबणाच्या पाण्यानें धुऊन, त्यावर नवा हात देणें सर्वांत उत्तम.

आतां शोभेकडे वळूं. भिंत निरोगी झाल्यावर शोभेला फार खटाटोप लागत नाहीं. सर्वांत जुनी आणि माझ्या मतें सर्वांत देखणी शोभा म्हणजे तळाशीं गेरूचा पट्टा. जमीन सारवतांना व धुतांना उडणारे शिंतोडे झांकले जावे हा त्याचा मूळ हेतु. पण पांढऱ्या भिंतीला त्यानें जी बैठक येते ती कोणत्याही महाग फरशीनें येत नाहीं. आजही फरशी पुसतांना फडकें भिंतीच्या पायाला लागतेंच, तेव्हां तो हेतु अजून संपलेला नाहीं. पट्टा सरळ येण्यासाठीं डोळ्यावर भरंवसा ठेवूं नये. दोन माणसांनीं गेरूंत बुडविलेली दोरी दोन टोकांना ताणून धरावी, मध्यें चिमटींत धरून भिंतीवर सोडावी. एका क्षणांत बारा फुटांची सरळ रेघ उमटते. सुतार हेंच करतो.

वर कांठ काढावयाचा असेल तर साचा करावा. जुन्या क्ष-किरण चित्राची फिल्म धुऊन घेतली तर तिचा उत्तम साचा होतो. ती भिजत नाहीं व वांकते. तीवर कोयरी, कमळ, कलशाची ओळ, जें आवडेल तें रेखून धारदार पात्यानें कापावें. पानाच्या मध्यें टांका सोडावयास विसरूं नये, नाहीं तर मधला तुकडा गळून पडेल. साचा चिकटपट्टीनें भिंतीला लावावा आणि रंग आखूड केसांच्या कुंचलीनें किंवा स्पंजानें टिपून लावावा, ओढून नव्हे. कुंचली आधीं जुन्या कागदावर इतकी टिपावी कीं ती जवळजवळ कोरडी वाटावी. रंग जास्त झाला कीं तो साच्याच्या खालीं शिरतो आणि कमळाला मिशा फुटतात. कांठाची मोजणी खोलीच्या कोपऱ्यापासून करूं नये. दारासमोरच्या भिंतीच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना करीत जावी, म्हणजे अर्धें तुटलेलें फूल कोपऱ्यांत जाईल, नजरेसमोर येणार नाहीं.

अलीकडे दिवाणखान्याच्या भिंतीवर वारली चित्रें काढण्याची आवड वाढली आहे. ठाणे-पालघरकडील वारली स्त्रिया गेरूनें किंवा मातीनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें तीं काढीत आल्या. जिव्या सोमा मशे यांच्यामुळें हीं चित्रें झोपडीबाहेर जगभर गेलीं. त्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. वर्तुळ, त्रिकोण आणि रेघ एवढ्यावर उभी असलेली ही कला घरच्या मुलांना शिकण्यास फार चांगली आहे. शेत, झाड, तारपा वाजविणारा आणि त्याभोंवतीं फिरणारा नाच, हें अवश्य काढावें. परंतु लग्नाचा चौक, ज्यांत पालघट देवी बसवितात, तो कोचाच्या पाठीमागें शोभेसाठीं काढूं नये असें मला वाटतें. आपल्या देव्हाऱ्याचें चित्र कोणी चहाच्या टेबलावर छापलें तर आपल्याला जें वाटेल तेंच येथें लागू आहे.

एक भिंत गडद आणि तीन फिक्या अशी जी चाल निघाली आहे तिच्याविषयीं थोडें. एकच खिडकी असलेल्या खोलींत खिडकीसमोरची भिंत गडद करूं नये. बाहेरचा उजेड परतवून सगळ्या खोलीला वांटणारी तीच भिंत असते. गडद रंगाची हौस असेल तर ती खिडकी जिच्यांत आहे त्या भिंतीवर भागवावी. छत मात्र पांढरेंच ठेवावें.

कामाचा क्रम छतापासून खालीं: आधीं छत, मग भिंती, मग दारें-खिडक्या, आणि अगदीं शेवटीं तळाचा पट्टा. विजेचीं बटणें काढण्यापूर्वीं मुख्य कळ बंद करावी. ओला कुंचला आणि उघडी तार यांची गांठ पडूं देऊं नये. उरलेला प्लॅस्टिकचा रंग घट्ट झांकणाच्या कांचेच्या बरणींत भरून वर कोणत्या भिंतीचा, कोणत्या सालचा तें लिहून ठेवावें. पुढें खिळ्याचें भोंक बुजवितांना त्याचा उपयोग होतो. उरलेला चुना टाकूं नये. वर चार बोटें पाणी राहील असा तो झांकून ठेवला तर वर्षानुवर्षें टिकतो, आणि मुरल्यानें उलट अधिक लोण्यासारखा होतो. तो मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा उंच जागीं ठेवावा, आणि डब्यावर ठळक अक्षरांत ‘चुना’ असें लिहावें, कारण मुरलेला चुना हुबेहूब दह्यासारखा दिसतो.